भिंतीकडे तोंड केलेली स्क्रीन

विजूताई सकाळी सोनोग्राफीच्या खोलीत शिरल्या की अंगातला कोट काढायच्याही आधी मशीनची स्क्रीन धरून भिंतीकडे फिरवायच्या. आदल्या संध्याकाळी त्यांनीच ती तशी करून ठेवलेली असायची, मधे कोणी हात लावलेला नसायचा, तरीही. तपासताना त्या स्वतः भिंतीच्या बाजूला बसायच्या, म्हणजे चित्र त्यांना दिसायचं, टेबलावरच्या बाईला नाही. "अहो ताई, आहे की ती भिंतीकडेच," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "असू दे. हात लावून बघितलेलं बरं." गॅस बंद केलाय ना, हे बघायला बायका अर्ध्या जिन्यातून परत फिरतात, त्यातलाच प्रकार.

आमचं क्लिनिक लायडनजवळ होतं. गर्भपाताचं. हे वाक्य मराठी माणसांत बोलताना मी आजही आवाज थोडा खाली आणते आणि मग स्वतःवरच चिडते. मी नीउ-व्हेनेपहून ट्रेनने यायचे. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आलेली, चार भिंतींना कंटाळून डच शिकलेली आणि विजूताईंच्या शब्दाखातर तिथे चिकटलेली, अशी माझी ओळख. रिसेप्शन सांभाळायचे आणि माझी ड्यूटी असेल तेव्हा आत, बाईच्या उशाशी, तिचा हात धरून बसायचे. क्लिनिकचं नाव मी सांगणार नाही. पुढे जिची गोष्ट येणार आहे तिचं नावही बदललं आहे.

गर्भपाताआधी सोनोग्राफी करावीच लागते. दिवस किती गेलेत हे कळल्याशिवाय गोळ्या द्यायच्या की आणखी काही, ते ठरत नाही. पण ते चित्र त्या बाईला दाखवायचं का? आपण होऊन विचारायचं का, की तिनं मागितलं तरच द्यायचं? यावरून लोक हातघाईवर येतात. एक पक्ष म्हणतो, बघू दे, बघितल्याशिवाय निर्णय कसला. दुसरा म्हणतो, आधीच कोलमडलेल्या बाईला चित्र दाखवून आणखी कशाला छळता. विजूताई कुठल्याच पक्षात नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की स्क्रीन त्या बाईची. मशीन क्लिनिकचं, हात आपला, पण स्क्रीन तिची. तिनं म्हटलं फिरव, तर फिरवायची. नाही म्हटलं, तर देव आला तरी फिरवायची नाही.

दिसायला अगदी साध्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, केस स्वतःच आरशासमोर उभं राहून कापायच्या आणि ते लगेच कळायचं. मनगटावर पुरुषी घड्याळ. पोटावर लावायच्या जेलची बाटली गरम करायला मशीनलाच सोय होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. बाटली कढत पाण्याच्या भांड्यात उभी करायच्या आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या, बाळाच्या दुधाचं बघतात तसं. गार जेल पोटावर पडून एखादी बाई दचकली, तर त्यांचा अख्खा दिवस बिघडायचा. त्यांचं नाव विजया कारखानीस, पण 'विजया'तली रोमन अक्षरं डच लोक आपल्या पद्धतीने वाचत आणि त्याचं 'फेयाया' होई. हाउसआर्ट्सकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, फोन आला की "फेयाया आहे का?" अशी विचारणा व्हायची. त्याही मुकाट्याने "हो, फेयाया बोलतेय" म्हणायच्या. मला हसू आवरायचं नाही.

"दुरुस्त का करत नाही त्यांना?" मी विचारायचे.

"माझ्या नावानं कोणाचं काही अडत नाहीये," त्या म्हणायच्या.

इथे यायच्या आधी त्या डॉक्टर होत्या. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी, एका खाजगी प्रसूतिगृहात नोकरीला. नवऱ्याला हूफडॉर्पला काम मिळालं, त्या मागोमाग आल्या आणि त्यांची डिग्री विमानतळावरच बाद झाल्यासारखी झाली. कागद पाठवून, परीक्षा देऊन, भाषेत नापास होऊन त्या थकल्या. शेवटी सोनोग्राफी तेवढी करता येईल, असं शिक्षण नव्याने घेतलं. याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रार कधी ऐकली नाही. त्यांचा मुलगा मात्र आईच्या वतीने डचमधून चिडायचा आणि आई त्याला मराठीतून गप्प बसवायची.

पहिली नोकरी मिळाली ती गरोदर बायकांच्या एका सेंटरवर. तिथला किस्सा त्या हसत सांगायच्या, पण शेवटी हसू उरायचं नाही. इथे सोनोग्राफी म्हणजे घरचं कार्य असतं. नवरा येतो, आजी येते, भिंतीवर सिनेमासारखा मोठा पडदा असतो, बाळाचं नाक कोणासारखं यावर चर्चा होते. विजूताईंना हे कुठून माहीत असणार? त्या शिकल्या होत्या तिथे भिंतीवर पाटी असायची, की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. स्क्रीन फक्त डॉक्टरकडे, बाईचे डोळे छताकडे आणि तपासणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही, कारण शब्दातून काय फुटेल सांगता येत नाही. त्या सवयीने पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचा पडदा बंद केला, स्क्रीन स्वतःकडे ओढली आणि तोंड मिटून काम सुरू केलं. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. थोड्या वेळाने टेबलावरची डच मुलगी हुंदके द्यायला लागली. तिच्या आईने उठून विजूताईंचा दंड धरला. त्या दोघींनी मूल गेलं असं धरलं होतं. या देशात डॉक्टर एवढं गप्प बसतात ते फक्त तेव्हाच.

"मूल ठणठणीत होतं गं," विजूताई म्हणायच्या. "मी आपली कायदा पाळत होते."

तिथे त्यांचं जमलं नाही. लोकांना गोड बोलणारी, "बघा, हात हलवतंय" म्हणणारी बाई हवी होती आणि ह्यांच्या तोंडातून आकड्यांपलीकडे काही निघेना. मग आमच्या क्लिनिकची जागा निघाली. जिथे बोलायचं नाही, दाखवायचं नाही, नुसतं मोजायचं, अशी ती जागा. त्या अशा रुळल्या, जणू ही नोकरी त्यांच्या मापाने शिवली होती.

त्यांच्या घरी गेलं की आणखी एक गोष्ट खटकायची. त्या पाहुण्याला चहा करून देत नसत. कॉफी देतील, पन्हं देतील, थालीपीठ समोर ठेवतील, पण चहा हवा असेल तर "ते बघ, पातेलं तिथे, साखर वर" म्हणून मोकळ्या. स्वतः पीत असत, तोही स्वतःपुरता. मी बरेच दिवस त्याला चिक्कूपणा समजत होते आणि तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. एका रविवारी दुपारी त्यांच्या ओट्याशी मी माझा चहा उकळत असताना त्यांनी कारण सांगितलं. त्या प्रसूतिगृहाच्या मालकाची एक पद्धत होती. भिंतीवर पाटी होती, ती कधी खाली उतरली नाही, आणि तोंडाने तो कधीच काही सांगत नसे. तपासणी झाली की बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडे जायचा आणि मुलगा असला तर हाक मारायचा, "यांना चहा सांगा." मुलगी असली तर चहा नाही. एवढंच. गावाला सगळं समजायचं. आठवड्याभरात बिनचहाची बाई परत यायची, मागच्या दाराने.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी पोटावर मशीनचा प्रोब धरायचे. मी कोणाला काही सांगितलं नाही. कोणाला काही थांबवलंही नाही." त्यांनी गॅस बारीक केला. "नोकरी सोडली ती लग्न ठरलं म्हणून. त्या डॉक्टरमुळे सोडली असं मी इथे येऊन बरीच वर्षं स्वतःला सांगत होते."

त्यानंतर मी त्यांना चिक्कू म्हटलं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळींचा विजूताईंशी असलेला व्यवहार बघून मला राग यायचा. मंडळाच्या ग्रुपवर कोणी गरोदर राहिलं, की ताईंना मेसेज सुरू. उलट्या थांबत नाहीत, डच डॉक्टर नुसतं पॅरासिटामॉल घ्या म्हणतो, पाय सुजलेत, पपई चालेल का? ताई सगळ्यांना उत्तरं द्यायच्या, फोन करायच्या, रविवारी सायकल हाणत जाऊन रक्तदाब मोजून यायच्या. पण सातव्या महिन्यात डोहाळजेवण असलं की त्यांना आमंत्रण नाही. हॉल हूफडॉर्पमध्ये, त्यांच्या घरापासून पायी जाण्यासारखा, आणि बोलावणं अख्ख्या गावाला. एकदा मी यजमानीणबाईंना विचारलं, तर बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, तसं काही नाही. पण त्यांचं काम तसलं ना. अशा दिवशी कशाला?" विजूताई नारळाच्या वड्या करून माझ्या हाती पाठवायच्या. त्या वड्या मात्र सगळ्यांना चालायच्या.

त्यांना लागत नसेल असं कोणी म्हणू नये. मी वड्यांचा डबा परत द्यायला गेले की विचारायच्या, "झोपाळा कसा सजवला होता?" आणि मी सांगेपर्यंत ऐकत बसायच्या.

क्लिनिकच्या कोपऱ्यावर अधूनमधून एक म्हातारी डच बाई उभी असायची, पिवळा रेनकोट घालून. हातात पत्रकं. जवळच्याच एका जागी फुकट सोनोग्राफी करून मिळेल, आधी बघा, मग ठरवा, अशा मजकुराची. मला ती डोळ्यांसमोर नको असायची. विजूताई मात्र सायकल थांबवून तिला दर वेळी 'गुड मॉर्निंग' करायच्या आणि पाऊस जोरात असेल तर आमच्या दाराच्या छपराखाली उभी राहा म्हणायच्या. एकदा त्या बाईने मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना गाठलं.

"तुम्ही रोज बघता," ती डचमध्ये म्हणाली. "मग त्यांना का बघू देत नाही?"

"मागितलं तर देते," विजूताई म्हणाल्या.

"मागायचं त्यांना सुचत नाही. घाबरलेल्या असतात."

विजूताईंनी सायकल स्टँडला लावली. आत आल्यावर मी तणतणत होते, तेव्हा त्या सायकलचं कुलूप पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "ती खोटं नाही बोलत गं. काहींना खरंच सुचत नाही."

"मग?"

"मग काय? सुचवणारे आपण कोण, इथे येऊन माझी गाडी अडते."

तीच गाडी पुढे अख्ख्या क्लिनिकची अडली. आमची तरुण डॉक्टर हान्नेके मीटिंगमध्ये म्हणाली, की प्रत्येकीला सरळ विचारायला हवं, बघायचंय का. आपण स्क्रीन लपवतो म्हणजे त्यात काही लाज वाटण्यासारखं आहे असंच दाखवतो. मी असते तर मला बघायचं असतं, असंही म्हणाली. एक जुनी नर्स तिच्यावर उखडली. विचारलं की तो विचार डोक्यात रुतणारच, नाही म्हणणारीला उगाच आपण निर्दयी असल्यासारखं वाटणार. दोघींचं बराच वेळ जुंपलं. मला दोघींचंही पटत होतं, जे मीटिंगमध्ये अजिबात उपयोगाचं नसतं. विजूताई कोपऱ्यात बसून डब्यातले गार पोहे खात होत्या. शेवटी हान्नेकेने त्यांनाच विचारलं.

"विचारा," त्या आपल्या सावकाश, साताऱ्याचा हेल असलेल्या डचमध्ये म्हणाल्या. "पण माझ्या खोलीत नाही. टेबलावर आडवं झाल्यावर मी विचारलं, तर ती आधी माझा चेहरा बघणार आणि मला काय आवडेल ते उत्तर देणार. खाली, कपडे अंगावर असताना, खुर्चीत बसवून विचारा. मला फक्त उत्तर सांगा."

तसंच ठरलं. आणि मी हे डोळ्यांनी बघितलंय, की ते चाललं. लायडनची एक विद्यार्थिनी होती, तिनं बघायचंय म्हणून सांगितलं. ताईंनी स्क्रीन फिरवली आणि स्वतः खिडकीकडे बघत बसल्या. बोटाने काही दाखवलं नाही, हे काय नि ते काय म्हणून सांगितलं नाही. मुलगी बघत राहिली, मग म्हणाली, ठीक आहे, फिरवा परत, आणि जे करायला आली होती ते शांतपणे करून गेली. दुसऱ्या एकीने बघितलं, उठून बूट घातले आणि नवऱ्याचा हात धरून घरी गेली. काही महिन्यांनी तिच्याकडून बाळाच्या जन्माचं कार्ड आलं, इथे सगळ्यांना पाठवतात तसं. मी आनंदाने ते भिंतीवर लावायला निघाले, तर ताईंनी काढून घेतलं. "इथे लावू नकोस. उद्या येईल तिला वाटेल, आपल्याला हेच आवडतं." दोघींमध्ये त्यांनी फरक केला नाही. जन्मात एवढं सरळ वागणं मला जमणार नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मग रेवती आली.

हूफडॉर्पच्या मंडळातलीच, तोंडओळखीची. चार वर्षांची एक मुलगी, दिवी, पदराशी. नवरा दिवीजवळ घरी थांबला होता आणि रेवतीबरोबर तिच्या सासूबाई आल्या होत्या. काठपदराची साडी, वर मुलाचं जाड जॅकेट, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून त्या वेटिंगरूममध्ये बसल्या होत्या आणि कोणाशी बोलत नव्हत्या. आमच्या नियमाप्रमाणे हान्नेके आधी रेवतीशी एकटीशी बोलली. कोणाची जबरदस्ती नाही ना, हे तिने फिरवून फिरवून विचारलं. रेवती नाही म्हणाली. बघायचंय का, तर तेही नाही म्हणाली. त्या दिवशी उशाशी बसायची पाळी माझी होती.

विजूताईंनी तिला ओळखलं. "माझी अडचण वाटत असेल तर दुसऱ्या कोणाला बोलावते," म्हणाल्या.

"नको, तुम्हीच असा," रेवती म्हणाली. "निदान मराठीत रडता येईल."

चौथा महिना सरत आला होता. ताईंनी मनगटावर जेल बघितलं, मग तिच्या पोटावर घातलं आणि मोजायला लागल्या. एरवी त्या या वेळी गप्प असत. पण रेवती थरथरत होती, म्हणून असेल, त्या बोलायला लागल्या. मोठी शाळेत जाते का? जाते. बाहेर सासूबाई का? हो, सासूबाई. इथेच असतात?

"नाही. मुद्दाम आल्यात तिकडून," रेवती म्हणाली. "यासाठीच."

ताईंचा हात थांबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. त्या स्क्रीनमध्ये एका जागी बघत होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांनी तिथे न बघायची सवय लावून घेतलेली होती. पहिली मुलगी, चौथा महिना, वेटिंगरूममध्ये डबा धरून बसलेली सासू. हॉलंड नाहीसं झालं असणार. त्यांना ते तालुक्याचं गाव दिसलं असणार, तो मागचा दरवाजा, आणि तोंड मिटून प्रोब धरलेली एक तरुण डॉक्टर. मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसऱ्या हाताने स्क्रीन धरली आणि भिंतीकडून रेवतीकडे फिरवली.

"बघ," त्या म्हणाल्या. "बघ एकदा. मुलगी असली म्हणून काय झालं गं?"

बघ म्हटलं की माणूस बघतं. रेवतीने बघितलं. मग माझा हात इतका आवळला की माझी अंगठी तिच्या बोटात रुतली.

"मुलगी आहे?" तिने विचारलं.

ताईंनी स्क्रीन परत फिरवली, पण ती आता कुठेही फिरवून काय होणार होतं.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही. कोणालाच माहीत नाही. मला नको होतं कळायला. मी खाली सांगितलं होतं, मला बघायचं नाही म्हणून."

मग छताकडे बघत, आडव्यानेच, तिने सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, तिला सांगायचं काही बंधनही नव्हतं. दिवीच्या वेळी बाळंतपणानंतर तिचं मन असं आजारी झालं होतं, की तिला खिडकीजवळ एकटं ठेवत नसत. बरेच महिने हॉस्पिटल. तेव्हा याच सासूबाई आल्या, दिवीला सांभाळलं, हिला हाताने घास भरवले. या खेपेला ठेवायचं म्हणून तिने औषधं बंद केली, निकराने प्रयत्न केला, आणि ते सगळं परत आलं. दिवीला आई राहायला हवी, एवढा एकच हिशोब करून तिने ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, तू ठरवशील ते, मी येते सोबतीला. डब्यात मऊ भात होता, तिला खायला.

"आता घरी जाऊन मी दिवीच्या तोंडाकडे कशी बघू, ताई?" ती म्हणाली. "सगळ्यांनी मला माझं मला ठरवू दिलं. तुम्ही तेवढं दिलं नाहीत."

विजूताईंनी टॉवेलने तिच्या पोटावरचं जेल पुसलं. सगळं पुसलं, कडेकडेने, नीट. मग बाहेर गेल्या आणि सरळ हान्नेकेच्या खोलीत जाऊन आपण काय केलं ते सांगितलं. त्या दिवशी काही झालं नाही. रेवती सासूबाईंचा हात धरून घरी गेली. पुढच्या आठवड्यात परत आली आणि ठरवलं होतं तेच केलं. त्या दिवशी ताई कामावर नव्हत्या, आणि नंतरही आल्या नाहीत.

हान्नेकेला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. चूक झाली, बोललात, आता परत या, असं तिने घरी येऊन सांगितलं. मीही वाद घातला. म्हटलं, तुमच्या मनात तर एक जीव वाचवायचाच होता.

"हेतूचं नको सांगूस," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरचाही हेतू होता. गरिबाच्या घरी चौथी मुलगी नको, असं म्हणायचा. आणि खरंच वाटायचं त्याला. त्यानं चहा सांगून सांगितलं, मी तोंडानं सांगितलं. जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी तोंड शिवून बसले, ती नको त्या बाईपाशी बोलले."

"पण समजा तुम्हाला वाटलं तसंच असतं तर? सासूनेच आणली असती तर?"

विजूताई म्हणाल्या, "तर हान्नेकेला बोलवायचं, दार बंद करायचं, परत विचारायचं, पोलिसांत जायचं. सगळं करायचं. स्क्रीन तरी तिचीच."

हे मला पूर्ण पटलेलं नाही. आजही नाही. त्या गावच्या मागच्या दाराने गेलेल्या पोरींसाठी कोणीतरी एकदा तरी स्क्रीन फिरवायला हवी होती, असं माझं मन म्हणतं, आणि लगेच रेवतीची पकड माझ्या हाताला आठवते. मग मी त्या वादात पडत नाही. मंडळात कोणी कॉफीचा कप हलवत "दाखवलं पाहिजे हो, एकदा दाखवलं की बदलतात" असं म्हणायला लागलं, की मी उठून भांडी घासायला जाते.

ताईंच्या नवऱ्याने, कारखानीसांनी, लवकर निवृत्ती घेतली आणि दोघांनी नाशिकला, ताईंच्या बहिणीजवळ, जायचं ठरवलं. घर आवरायला मी जात होते. एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी हूफडॉर्पच्या बाजारात सुतळी आणायला गेलो होतो. माशांच्या गाडीपाशी समोरून रेवतीच्या सासूबाई आल्या. तेच जॅकेट, त्याच चपला. मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करतील. पण त्या आमच्याच पुढ्यात येऊन थांबल्या.

"मी परवा जातेय परत," त्या विजूताईंना म्हणाल्या. "रेवती बरी आहे. औषधं चालू आहेत. दिवीला शाळेत सोडते, आणते. हसते मधेमधे."

"माझं चुकलं," विजूताई म्हणाल्या.

"हो. चुकलं." सासूबाईंनी आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिनं नाव ठेवलंय तिचं. झोपेत घेते. जागेपणीही घेते, एकटी असली की."

माशांच्या गाडीवरचा माणूस गिऱ्हाईक बोलावत ओरडत होता. विजूताईंनी विचारू नये असं मला फार वाटत होतं, पण त्यांनी विचारलंच.

"काय ठेवलं?"

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला सांगू नका म्हणालीय."

विजूताईंनी मान हलवली. "नका सांगू," म्हणाल्या. मग सासूबाईंना वाकून नमस्कार केला, तिथेच, बाजारात. वयाने दोघी बरोबरीच्याच असतील. सासूबाईंनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही, आणि पिशवी सावरत निघून गेल्या.

सुतळी घ्यायची राहिली. मला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून मी ताईंना बसपर्यंत सोडलं. त्या खिडकीशी बसल्या. मी बाहेरून हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. काचेतून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. जप करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, देवाला हातसुद्धा सणापुरताच जोडायच्या. एक शब्द म्हणायच्या, थांबायच्या, मान हलवायच्या, मग दुसरा. मुलींची नावं होती ती. एकेक घेऊन बघत होत्या. बस सुटली तेव्हाही त्यांचं चाललंच होतं.